चौदा नंबरचं कपाट

१

आत झाड नव्हतं.

फोल्डर जागेवर होतं, सुतळी नीट बांधलेली होती, वरचं लेबलही सिंगानोबाबांच्या तिरक्या अक्षरातलंच होतं. आत मात्र नुसता कागद. वीतभर रोप चिकटवलेलं होतं तिथे त्याच्या आकाराचा पिवळसर डाग, आणि चार उचकटलेल्या चिकटपट्ट्या.

शेम्दोए साहेबांनी हातातलं परदेशचं पत्र पुन्हा एकदा वाचून दाखवलं, जणू मोठ्यानं वाचलं की झाड परत येईल. "तुम्ही पाठवलेलं एक फूल आणि चित्र पाहिलं. अशी वनस्पती जगात कुठेच नोंदलेली नाही. मूळ नमुना जपून ठेवावा. तो पाहिल्याखेरीज नाव देता येणार नाही."

"जपून," साहेब म्हणाले. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

क्वेमितोच्या संशोधन केंद्रात आता 'सगळे' म्हणजे मोजून पाच माणसं. एके काळी उसांबरा डोंगररांगेतल्या या टेकडीवर एकोणीस शास्त्रज्ञ होते. एक नुसती वटवाघळं पाहायचा, एक गोगलगायी. एकानं तर झाडांच्या खोडावरच्या शेवाळापायी अकरा वर्षं घालवली आणि जाताना तो लहान मुलासारखा रडला. झैनाबाईंना सगळे आठवत होते. सुकवलेल्या वनस्पतींचा संग्रह त्यांनी अडतीस वर्षं सांभाळला होता. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी दर सोमवारी त्या मऊ कुंचला घेऊन कपाटं झाडायला यायच्या. घरी बोलायला कुणी नव्हतं. कपाटंही बोलत नसत, पण ती ओळखीची होती.

"चावी कुणाकडे असते?" साहेबांनी विचारलं, उत्तर ठाऊक असूनही.

"माझ्याकडे," सिंगानोबाबा म्हणाले.

"झाड तुम्ही घेतलंत?"

"नाही."

बस, एवढंच. सत्तरीचा, काठीसारखा सरळ माणूस. रानातून नमुने आणायचे, पाऊस मोजायचा, खोल्या उघडायच्या, हे चव्वेचाळीस वर्षं केलेलं. मार्चमध्ये ते झाड कड्यावरून त्यांनीच उतरवलं होतं.

"शनिवारी गाडी खाली जाईल," साहेब त्यांच्याकडे न बघता म्हणाले. "बाबा, सामान बांधून ठेवा. वर काहीतरी कळवावं लागेल मला."

सिंगानोबाबांच्या घरामागे अवोकाडोच्या झाडाखाली त्यांच्या बायकोची कबर होती. खाली सपाटीवर त्यांचं कुणीही नव्हतं.

"साहेब," झैनाबाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत मी जरा विचारपूस करू?"

"करा. पण चौकशी म्हणू नका. चौकशी म्हटलं की तीन प्रतींत कागद लागतो."

२

झैनाबाईंनी आधी दिवस पक्के केले. नऊ मेच्या सोमवारी त्यांनी स्वतः ते फोल्डर झाडलं होतं आणि झाड आत होतं. पुढचे दोन सोमवार गुडघ्यांनी त्यांना घरीच बसवलं. झाड नेमकं कधी गेलं, ते कीटकवाल्या फ्रीडा शांगालीनं सांगितलं.

"मावशी, बारा तारखेला, गुरुवारी सकाळी, मी कपाटांत डांबरगोळ्या टाकल्या. चौदा नंबरमधलं ते फोल्डर हाताला चपटं लागलं. मला वाटलं, वनस्पतिवाल्या किमेयानं टेबलावर घेतलं असेल."

"आणि बोलली नाहीस?"

"वनस्पतिवाले माझ्याशी बोलतात कुठं! माझे किडे त्यांची झाडं खातात म्हणून मीच चोर!" फ्रीडा हसली. तिच्या खोलीत छतापर्यंत काचेच्या पेट्या होत्या. टाचण्यांवर बसलेले हजारो भुंगे एकाच दिशेला तोंड करून होते. "कपाटांची ती खोली मला हवी होती, हे खरं. साहेबांशी भांडलेही. पण म्हणून झाड पळवीन?"

"त्या आठवड्यात तू काय करत होतीस?"

फ्रीडानं वही उघडली. "सोमवारी ओढ्याकाठी फुलपाखरं मोजली. चारपर्यंत बेचाळीस, छान दिवस. मंगळवारी सकाळी मुंग्या पकडायला जमिनीत पुरलेले पेले बघायला गेले तर सगळे तुडुंब, मुंग्या बुडालेल्या. बुधवारी तुम्हा सगळ्यांबरोबर मयतीला होते."

ते झैनाबाईंना आठवत होतं. बुधवारी सिंगानोबाबांच्या मेहुण्याला माती दिली. अख्खी टेकडी खालच्या गावात गेली होती, आणि चावी दिवसभर कार्यालयातल्या खिळ्याला टांगलेली होती.

"एक सांगू?" फ्रीडा म्हणाली. "त्या कड्याखालच्या झाडांवर कुणीतरी लाल रंगाचे पट्टे ओढलेत. महिना झाला. साहेबांना विचारलं तर म्हणाले, रंगच आहे, विष नाही."

३

"आजी, शिकामू," म्हणत किमेयानं वाकून वडीलधाऱ्यांना करतात तसा नमस्कार केला.

"मराहाबा, बाळा. बस."

बत्तीस वर्षांचा वनस्पतिशास्त्रज्ञ, हाताला कायम चीक लागलेला. हातातल्या तळलेल्या गोड मंदाझीचा तो नुसता चुरा करत बसला.

"तुम्हाला वाटतंय मीच," तो म्हणाला.

"मला काय वाटतंय ते मला अजून ठाऊक नाही. तुला वाटावं असं काही केलंयस का?"

"लेबलावर शोधणाऱ्याचं नाव सिंगानो. चौथी शिकलेला माणूस. मी परदेशात सहा वर्षं घासून आलो, आणि माझ्या डोक्यावरच्या कड्यात ते झाड होतं. पोटात दुखलं, आजी. खोटं कशाला बोलू? पण ते फुलतं फक्त मार्चात, पंधरा दिवस. फुलाशिवाय नाव नाही. म्हणजे मलाही आता वर्षभर थांबणं आलं."

"वर्षभरानं तूच कड्यावर चढलास तर लेबलावर तुझं नाव."

किमेयाचा चेहरा पडला. "हे मला सुचलंच नव्हतं," तो हळूच म्हणाला. झैनाबाईंना ते पटलं. पण पटण्यावर शेम्दोए साहेबांची गाडी थांबणार नव्हती.

"त्या आठवड्यात काय करत होतास?"

"सोमवारी झाडं दाबायचे कागद अंगणात वाळवले. संध्याकाळपर्यंत पापडासारखे झाले. मंगळवारी दिवसभर नमुने दाबत बसलो. बुधवारी मयत."

"मयतीत तू माझ्या शेजारी नव्हतास."

"मागे होतो. फ्रीडाच्या छत्रीखाली. ऊन फार होतं."

झैनाबाई उठल्या. एकाला नाव हवं होतं, दुसरीला खोली. दोघंही केंद्रात होती. आणि दोघांतलं कुणी एक चोर निघालं, तर या ओसाड टेकडीवरचा आणखी एक दिवा विझणार होता.

४

मेशाक म्सुया भूगर्भशास्त्रज्ञ होता, म्हणजे गावाच्या भाषेत दगडवाला. अठ्ठावन्न वर्षांचा. बायको-मुलं मोशीला, तो इथे. त्याच्या खोलीत बसायला जागा करायची तर दोन दगड उचलावे लागत.

"या, झैनाबाई. यावर बसू नका, साठ कोटी वर्षांचा आहे. त्यावर बसा, तो नुसता स्टूल आहे."

त्या हसल्या. म्सुयानं स्वतः आलं ठेचून चहा केला. त्याच्याकडे फार कुणी येत नसावं. कप एकच होता, दुसरा चहा त्यानं वाडग्यात घेतला.

"लोकांना वाटतं दगड मुके म्हणून मला आवडतात," तो म्हणाला. "उलट आहे, बाई. ते बोलतात. ऐकायला कुणी येत नाही. तीस वर्षं मी अहवाल पाठवतोय. कड्याचा हा पांढरा दगड बघा, कसा चमकतो. एका अहवालाचंही उत्तर नाही."

"तुम्ही त्या आठवड्यात नव्हतातच म्हणे."

"सोमवारी पहाटे निघालो तो गुरुवारी संध्याकाळी परतलो. डोंगरापलीकडे, ओढ्याच्या उगमाशी तंबू होता." त्यानं कॅनव्हासची वही त्यांच्या पुढ्यात सरकवली. "वाचा. माझी वही मी कुणाला देत नाही, पण तुमची गोष्ट वेगळी."

झैनाबाईंनी चष्मा लावला. *सोमवार, ९ मे. दुपारपासून मुसळधार. ओढा दुथडी, पलीकडे जाता येईना. तंबूत बसून. मंगळवार, १०. रात्र कोरडी. सहाला कड्याच्या मोजणीस सुरुवात. बुधवार, ११. कोरडा दिवस, मोजणी चालू.* खाली आकडे, उतारांचे कोन, दगडांची चित्रं.

तिथून त्या तडक कार्यालयात गेल्या आणि पावसाची मोठी नोंदवही काढली. नऊ मेच्या ओळीत एक्केचाळीस मिलिमीटर. दहाच्या ओळीत शून्य, अकराच्या ओळीत शून्य. म्सुयाच्या वहीशी तंतोतंत जुळत होतं. दगडवाला सुटला.

झैनाबाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. नऊ तारखेच्या सोमवारी त्यांनी कपाटं झाडली होती. हवा दमट असली की त्या कपाटाला हात लावत नसत, बुरशी धरते. आणि त्या दिवशी चारी खिडक्या उघड्या टाकल्याचं त्यांना लख्ख आठवत होतं. कुंचल्याची धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगत होती.

एक्केचाळीस मिलिमीटर पाऊस पडत असताना?

त्यांच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी दिवस सुटले, मग माणसं. झैनाबाई घरी आल्या, दाराला कडी घातली आणि बराच वेळ पलंगाच्या काठावर बसून राहिल्या. एकोणीस शास्त्रज्ञांची नावं त्यांनी मनातल्या मनात म्हणून पाहिली. अठराच आली.

५

शुक्रवारी सकाळी नऊला त्या सिंगानोबाबांना गाठायला पर्जन्यमापकापाशी गेल्या. चव्वेचाळीस वर्षं दोघांची घरं दोनशे पावलांवर होती, आणि बोलणं नमस्काराएवढं.

"सामान बांधलं?"

"बांधण्यासारखं काय आहे? एक पेटी. कबर काही पेटीत मावत नाही."

"बाबा, तोंड उघडा जरा! कुणावर संशय असेल तर सांगा."

"एकदा विचारलं, एकदा सांगितलं. खरं असेल ते दोनदा कशाला सांगायचं?" त्यांनी काचेची नळी डोळ्यांसमोर धरली. "सात."

मग ओट्यावर नोंदवही उघडून त्यांनी शाईनं 'सात' लिहिलं. झैनाबाईंनी पाहिलं आणि त्यांना उगीच बरं वाटलं. म्हणजे विसरणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या.

"बाबा, आज शुक्रवार, तीन जून. तुम्ही दोन जूनच्या ओळीत लिहिलंत."

"मग?"

"चुकलं."

"काय चुकलं? मी मोजतो सकाळी नवाला. आतलं पाणी कालपासूनचं, म्हणून ते कालच्या नावावर. पहाटे पडला तरी कालच्याच नावावर. पावसाच्या वहीत असंच लिहितात. हवामानवाल्या गोऱ्या साहेबानं मला पहिल्याच आठवड्यात बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं."

झैनाबाईंनी ओट्याला हात टेकला. अडतीस वर्षं त्या या माणसांत वावरल्या होत्या. पण इथे प्रत्येकाचं शास्त्र आपापल्या खोलीत असायचं आणि मधल्या व्हरांड्यात नुसतं 'जेवलात का' एवढंच.

"नऊ मेच्या ओळीत एक्केचाळीस आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "तो पाऊस कधी पडला?"

"दहाला पहाटे, चार ते सात. माझ्या कोंबड्यांचं खुराडं वाहून गेलं, ते कसं विसरेन?"

"आणि नऊला? दिवसभर?"

"नऊला खडखडीत ऊन. तुमच्या खिडक्या उघड्या होत्या की. मी खालून पाहिल्या."

झैनाबाई तिथेच ओल्या गवतात बसल्या. सिंगानोबाबा घाबरून वाकले.

"काय झालं? चक्कर आली?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. डोळे पुसले. "माझी आठवण शाबूत आहे, बाबा. खोटं दुसऱ्याच वहीत आहे."

६

दुपारी चारच्या चहाला सगळे व्हरांड्यात जमले. झैनाबाईंनी अंगावरच्या कांगाचा पदर खांद्यावर सारखा केला.

"किमेया, नऊ तारखेला तुझे कागद कसे वाळले?"

"कडक. का?"

"फ्रीडा, फुलपाखरं पावसात उडतात?"

"छे! पानाखाली बसतात."

"आणि मुंग्यांचे पेले कधी भरले?"

"मंगळवारी पहाटे."

"म्सुयाबाबू, तुमच्या वहीत नेमकं उलटं आहे. सोमवारी मुसळधार आणि मंगळवारची पहाट कोरडी."

म्सुयानं शांतपणे वाडगा खाली ठेवला. "मी डोंगरापलीकडे होतो, बाई. तिथला पाऊस वेगळा असतो. हे तुम्हाला साहेबही सांगतील."

"सांगतील, खरं आहे ते," शेम्दोए साहेब पुटपुटले.

"पाऊस वेगळा असेल. पण तुमचा ओढा तोच आहे, जो खाली आमच्या धुण्याच्या दगडांपाशी येतो. सोमवारी दुपारी तो उगमाशी दुथडी होता म्हणता, आणि त्याच दुपारी त्याच्या काठच्या ओल्या वाळूवर फ्रीडा बेचाळीस फुलपाखरं मोजत होती. तिला वाहून का नेलं नाही त्यानं?"

साहेबांनी म्सुयाकडे पाहिलं.

"तुम्ही तंबूत असतात तर मंगळवारी पहाटे भिजला असतात," झैनाबाई म्हणाल्या. "भिजलेल्या माणसाला पाऊस कधी पडला हे नोंदवहीत बघावं लागत नाही. तुम्ही बघितलंत. या आठवड्यात, फोल्डर रिकामं निघाल्यावर. नऊच्या ओळीत एक्केचाळीस दिसला आणि तुम्ही नऊला पाऊस पाडलात. ओळ कशी भरतात हे या टेकडीवर एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि त्याला तुम्ही उद्या गाडीत बसवणार होतात. तुम्ही कुठे होतात ते मला ठाऊक नाही. डोंगरावर नव्हतात, एवढं नक्की."

फ्रीडा अर्धवट उठली आणि परत बसली. म्सुयानं आपले हात उलटे करून पाहिले. दगड फोडून फोडून त्यांची नखं चपटी झाली होती.

"टांगा शहरात होतो," तो म्हणाला. "समुद्रकाठी. दगडाची खाण काढणारे लोक आहेत. त्यांनी माझा अहवाल वाचला होता. सगळा, बाई. शेवटच्या पानापर्यंत. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं की, म्सुया, हा दगड आला कुठून? दोन दिवस मी बोलत होतो आणि ते ऐकत होते."

"कड्यावर खाण?" किमेया ओरडला. "ते लाल पट्टे तुमचे?"

"जुलैत सह्या होणार होत्या. त्याआधी त्या झाडाला नाव मिळालं असतं तर कडा राखीव झाला असता. बुधवारी दुपारी परतलो तर टेकडीवर कुणी नव्हतं. चावी खिळ्याला होती." त्यानं सिंगानोबाबांकडे पाहिलं नाही. "बाबांवर येईल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं, उंदरांवर जाईल."

"आणि आल्यावर बोलावंसं नाही वाटलं?" फ्रीडा म्हणाली.

म्सुयानं वाडगा बाजूला सारला. मग उठून आत गेला आणि वर्तमानपत्राची एक घडी घेऊन आला. दोन सपाट दगडांत दाबून ठेवलेली. उघडली तर आत झाड होतं, मुळासकट, फुलासकट. एक पानही मोडलेलं नव्हतं.

"जाळून का टाकलं नाहीत?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"नमुना जाळायचा?" म्सुया म्हणाला, कुणी भलतंच बोलल्यासारखा.

शनिवारी गाडी खाली गेली. मागे एका पेटीऐवजी अकरा खोकी होती, सगळी दगडांची. चढवायला कुणी पुढे आलं नाही. मग सिंगानोबाबांनी पायातल्या चपला बाजूला काढल्या आणि एकेक खोकं उचलून दिलं. शेवटच्या खोक्याशी म्सुया काहीतरी म्हणायला गेला. बाबा म्हणाले, "वळणावर सावकाश घ्यायला सांगा. रस्ता ओला आहे."

७

पुढच्या मार्चमध्ये एक दिवस झैनाबाईंचं दार वाजलं.

"चला," सिंगानोबाबा म्हणाले.

"कुठे?"

"कड्यावर. फुललंय."

"वेड लागलंय का? माझे गुडघे बघा. आणि ते झाड मी पाहिलंय. चौदा नंबरच्या कपाटात आहे."

"जिवंत पाहिलंय?"

या रानातली सहा हजार झाडं झैनाबाईंच्या हातांखालून गेली होती. सगळी सुकलेली, तपकिरी, कागदावर चिकटवलेली. रंग त्या लेबलावर वाचायच्या. रानात जायचं काम रानात जाणाऱ्यांचं, असं अडतीस वर्षं ठरलेलं होतं. तुम्हीही चला, असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

वाटेला चार तास लागले. बाबा पुढे आणि त्या मागे, दर वळणावर भांडत.

"अजून किती?"

"मघाशी सांगितलं."

"मघाशी खोटं सांगितलंत."

"खरं सांगितलं असतं तर आला असतात?"

कड्याखाली झाडांच्या खोडांवर लाल पट्टे अजून होते, पावसानं फिके झालेले; खाणीची कुदळ मात्र पडली नव्हती. वर, पाण्याच्या तुषारांत, पांढऱ्या दगडाच्या भेगेतून ती रोपं बाहेर डोकावत होती. मोजली तर पस्तीस-चाळीस. जगात तेवढीच. वारा आला की फुलं हलायची. सुकलेलं झाड हलत नाही, हे झैनाबाईंना ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ आज कळत होता. किती वेळ उभ्या राहिल्या, त्यांना समजलं नाही.

"लेबलावर तुम्ही 'फिकट जांभळा' लिहिलंय," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"हा फिकट आहे?"

सिंगानोबाबांनी डोळे बारीक करून पाहिलं. "मग काय लिहायचं होतं?"

झैनाबाईंनी खूप शोधलं. आयुष्यभर वाचलेल्या लेबलांवरचे सगळे शब्द एकेक करून लावून पाहिले.

"सापडत नाही हो," त्या म्हणाल्या. "थांबा जरा. घाई आहे का तुम्हाला?"

"मला कुठली घाई?" बाबा म्हणाले, आणि दगडावर त्यांच्यासाठी जागा करून बसले.